गिरणीची पांढरी भिंत

सोमवार, ५ ऑगस्ट

पाणी शिरलं. गिरणीत शिरलं!

दुपारी महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरली — धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी सावध राहावं. सावध राहावं म्हणजे नक्की काय करावं ते मात्र भोंगा सांगत नाही! मी म्हटलं, पांझरा कशाला येतेय आपल्या गल्लीत. लग्न होऊन देवपुरात आले तेव्हापासून एकदाही आली नाही. तेवढ्यात गटार उलटं वाहायला लागलं, आणि मागोमाग नदीच आली. मी आणि आई गव्हाच्या गोण्या जिन्यावर ओढत होतो. सासूबाई सत्तरीला टेकल्या, पण ओढायला माझ्यापुढे! चार गोण्या वाचल्या. लोकांची दळणं, डबे, चाळण्या, सगळं तरंगलं. फोन वजनकाट्यावर ठेवला होता, तोही गेला.

ललित दोंडाईच्याला. (समोर 'अहो', इथे ललित.) मिरचीच्या आडतीवर दिवाणजी आहेत, रोज एसटीनं जाऊन येऊन. पूल बंद, म्हणून तिकडेच अडकले.

जिन्यावर बसून बघत राहिले. चक्की, मिरची कांडप, शेवयांचं मशीन. तिन्ही मोटरी पाण्याखाली. कर्ज काढून उभी केलेली गिरणी, अजून फिटायचंय ते. आई पायरी उतरून पाण्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कंबरलोंग शे. आते उतरी." म्हटलं, उतरू दे बाई कंबरेवरून, तुमच्या तोंडात साखर पडो.

मंगळवार, ६ ऑगस्ट

पाणी गेलं, गाळ ठेवून गेलं. घोटाभर, काळा, आणि वास तर विचारूच नका. पीठ आणि गाळ मिळून चक्कीत लगदा झालाय. हिलाल मिस्त्री आला, मोटरींना नुसता हात लावून म्हणाला, "ताई, बटण दाबून बघू नका हं. वायंडिंग गेलंय तिन्हीचं." जणू मी बटण दाबायला टपलेच होते! (होते.)

शेजारच्या लताबाई आल्या. मला वाटलं विचारपूस करायला. "सुलक्षणा, माझं कळण्याचं दळण होतं ना गं तुझ्याकडे?" लताबाई, तुमची ज्वारी-उडीद नदीनं दळून नेली!

येत्या रविवारी कानबाई, आमच्याकडे श्रावणात घरोघरी बसते ती देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू गल्लीतली निम्मी घरं माझ्याकडे दळतात. आदल्या दिवशी मी गिरणी धुऊन काढते, अंघोळ करून, उपाशीपोटी — मगच बायका येतात, घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा सव्वा मूठ मापून घेतलेले गहू घेऊन. त्या दिवशी मी दळणावळ घेत नाही. वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस. यंदा कुठली गिरणी आणि कुठलं काय.

बसवत नाही. उभं राहवत नाही. फावडं घेऊन गाळ ओढत बसले तेवढाच वेळ बरा गेला.

बुधवार, ७ ऑगस्ट

आधी चांगलं लिहिते, कारण ते आधी घडलं.

बँकेत गेले. कर्ज देताना बँकेनंच गिरणीचा विमा काढला होता. दरवर्षी खात्यातून त्याचा हप्ता कापला जातो आणि दरवर्षी मी कुरकुरते — कशाला हे, काय होणार आहे गिरणीला! मॅनेजरसाहेबांनी कागद काढला, बोट ठेवलं. आग, वादळ, पूर. "पूर आहे यात, वहिनी." मला तिथेच रडू आलं. साहेबांनी पंखा वाढवला, बिचाऱ्यांना दुसरं काय सुचणार.

मग दोन गोष्टी सांगितल्या. पहिली : गिरणी बँकेकडे गहाण, म्हणून विम्याचे पैसे आधी बँकेकडे येतात. बँक ते कर्जात वळते करून घेऊ शकते, किंवा दुरुस्तीला द्यायची परवानगी देऊ शकते. ते नंतरचं. दुसरी आत्ताची : "सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत कशाला हात लावू नका. गाळ काढा, पण फोटो काढून. आणि भिंतीवरची पाण्याची रेघ तर मुळीच पुसू नका. तीच तुमची साक्षीदार."

रिक्षानं पळत आले. म्हणजे रिक्षा पळाली, मी आत बसून पळत होते.

गिरणी पांढरीशुभ्र!!

उखर्डू रंगारी शिडीवर. खाली आई, पदर खोचून, बादलीत चुना ढवळत. जमीन धुतलेली. दोन भिंती झालेल्या, तिसरीवर दुसरा हात चालू. रेघ नाही, डाग नाही, काही नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण उखर्डू शिडीवरून उतरून निघूनच गेला. आई शांतपणे म्हणाल्या, "काय व्हयनं? कानबाई येई ऱ्हायनी. तिले चिखलन्या भिती दखाडू का?"

कानबाईच्या आधी घर धुवायचं, भांडी घासायची, भिंती पांढऱ्या करायच्या, हे मीच दरवर्षी करते. कधी चुकलं तर आईंच्या आधी मलाच रुखरुख लागते.

बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि समोर बघितलं. लताबाईंचं घर पांढरं. त्यांच्या शेजारचं पांढरं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान पांढरं. दोन दिवसांपूर्वी ज्या गल्लीत नदी होती, ती सगळी गल्ली चुन्यानं चकचकतेय! साक्षीदार म्हणून दाखवायला एक भिंत उरलेली नाही.

गुरुवार, ८ ऑगस्ट

आईंशी बोलले नाही. कोणाशीच नाही. वरणात मीठ विसरले, तरी कोणी काही म्हणालं नाही, त्याचाही राग आला.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नागपंचमी. ललित परवाच आले, पण आज पहिल्यांदा नीट बोललो. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "म्हातारीवर कशाला डाफरतेस? तिला काय माहीत विमा." बरोबर आहे. तिला माहीत नाही, रेघ पुसायची नसते हे मला काल-परवा कळलं, आणि ज्यांना पॉलिसी काढतानाच माहीत होतं त्यांनी सही घेताना तोंड उघडलं नाही. मग डाफरायचं कोणावर? सांगा ना!

ललितचा जुना फोन वापरतेय. त्यावर आज कळलं, सर्व्हेअर उद्या येणार, जळगावहून. लताबाईंच्या मुलानं गच्चीवरून पुराचा व्हिडिओ काढलाय म्हणे. धावत गेले बघायला. नदी आहे, पूल आहे, वाहून जाणारी म्हैस आहे. माझी गिरणी नाही.

शनिवार, १० ऑगस्ट

लिहून टाकते.

सर्व्हेअर म्हणजे कोणी टाय लावलेला माणूस येईल वाटलं होतं. आली एक मुलगी, तिशीचीही नसेल. चेलना नाव. पायात रबरी बूट, हातात टेप. आत आली आणि भिंतीकडे बघून हसली. वाईट नाही हसली. "कानबाई ना? आमच्या जळगावात, मेहरूणलाही शेजारचे लोक बसवतात. मला कळतं, मावशी. पण कंपनीला कसं कळणार?"

मोटरी उघडून बघितल्या. आत गाळ. फोटो काढले. मला जरा धीर आला. मग म्हणाली, "मोटरीत पाणी गेलं हे दिसतंय. पण पाणी किती उंच होतं ते ठरल्याशिवाय बाकीच्या सामानातलं काय धरायचं, काय नाही, ते ठरत नाही. तुमचा जबाब घेते. एक सांगणं माझं काम आहे — जबाबात मुद्दाम खोटं सांगितलेलं निघालं, तर सगळाच दावा जाऊ शकतो. हं, पाणी कुठवर आलं होतं?"

आणि मी म्हणाले, "छातीपर्यंत."

का? का म्हणाले मी? त्या पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून कंबर म्हटलं असतं तर तिनं गुडघा धरला असता, असं काहीतरी डोक्यात आलं. भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. मागून आई म्हणाल्या, "कंबर—" मी वळून बघितलं. त्या गप्प झाल्या. आणि ललित! त्यांना तर वाटच मोकळी झाली. "हो, आणि ते वरचं स्टार्टरचं पॅनलही गेलं ना मग." ते पॅनल उन्हाळ्यापासून ठिणग्या टाकतंय. पाणी त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

मॅडमनी लिहून घेतलं. मी सही केली.

त्या गेल्यावर मी मोटरींजवळ जाऊन उभी राहिले. तिन्ही माझ्या गुडघ्याला लागतात. गुडघ्याला! कंबरेएवढं पाणी त्यांना बुडवायला पुरून उरत होतं. खरं सांगितलं असतं तरी भागलं असतं!

रविवार, ११ ऑगस्ट

कानबाई बसली.

रोटांचे गहू बायकांनी पलीकडच्या चौकातल्या गिरणीत दळून आणले. आमचे आईंनी वर जात्यावर दळले. मी म्हटलं मी बसते, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, तुना हात दुखतीन." आता असं बोलल्यावर माणसानं अबोला तरी कसा धरायचा! बसले शेजारी. खुंट्याला दोघींचे हात. बोललो नाही, पण दळलं.

चौरंगावर नारळाची कानबाई, नथ, हिरवं पातळ. संध्याकाळी गल्ली लोटली. गाणी, फुगड्या. सगळ्याजणी म्हणत होत्या, बाई, पुरातून उठून काय सजवलंय घर! भिंती किती छान! मी हसत होते. दर्शनाला वाकले तर डोकं वर करायला भीती वाटली. देवीचे ते नारळावर रेखलेले डोळे, तेवढेच. पण मला सोसवेनात. मी खोटं बोललेय, कानबाई. तुझ्याच चुन्यापुढे उभं राहून बोलले.

सोमवार, १२ ऑगस्ट

कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत पांझरेवर गेलो. पाणी आता खाली, शहाण्यासारखं. आई नदीला हळदकुंकू वाहून पाया पडल्या. मी नाही पडले. लांब उभी राहिले.

बुधवार, १४ ऑगस्ट

रोज सकाळी शटर उघडते. बंद चक्कीवरून फडकं फिरवते. बंद करते. मग पुन्हा उघडते. आई म्हणतात घडीभर बस ना वं. बसले की गिरणीचा आवाज येत नाही तो ऐकू येतो.

लताबाई समोरून गेल्या, पलीकडच्या गिरणीची पिशवी पदराआड. "तुझी चालू झाली की तुझ्याकडेच गं!" मी म्हटलं, हो हो. तिकडचं पीठ जाड येतं म्हणे. ऐकून इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

हिलालनं मोटरी नेल्यात. म्हणतो, पैशाचं नक्की करा, मग तारा भरतो.

शनिवार, १७ ऑगस्ट

बँक. दुरुस्तीच्या परवानगीचं विचारायला.

मॅनेजरसाहेब म्हणाले, नियमानं पैसे कर्जात घ्यायचा आम्हाला हक्क आहे. मी म्हटलं, साहेब, हक्क आहे हो. पण पैसे कापून घेतलेत तर कर्ज सगळं फिटणार नाही, उरेल. उरलेल्याला हप्ता कुठून आणू? बंद गिरणीतून? गिरणी चालली तर तुमचाही हप्ता चालेल. बंद पडली तर तुम्ही ती विकायला काढाल, आणि पुराचं पाणी प्यायलेल्या मशीनला गिऱ्हाईक कोण? हे सगळं एका दमात बोलले. एवढी अक्कल त्या शनिवारी कुठे गेली होती कोण जाणे!

साहेब हसले. म्हणाले, "वहिनी, वरच्या ऑफिसला मी आधीच कळवलंय — या बाईंचा एकही हप्ता चुकलेला नाही, पैसे दुरुस्तीलाच जाऊ द्या. फक्त सर्व्हेअरचा अहवाल स्वच्छ येऊ दे. त्यात काही खोट निघाली, तर मग माझ्याही हातात काही नाही."

बाहेर पडले ती पायऱ्यांवरच बसले. दगडाखाली हात सापडलाय. ओढला तरी दुखणार, ठेवला तरी दुखणार.

सोमवार, १९ ऑगस्ट

पौर्णिमा. उरलेले रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. तिघांत संपवले. त्यावरच भांडण पेटलं.

मी म्हणाले, मॅडमना फोन करून खरं सांगू का? ललितनी घास खाली ठेवला. "आता? सही केल्यावर? म्हणजे पहिला जबाब खोटा होता असं तूच लिहून देणार! मग कोणाच्या बापाचा दावा मंजूर होतो? गिरणी घालवायचीय का तुला?" मी म्हटलं, पॅनल तुम्हीच घुसडलंत. ते म्हणाले, छाती तूच दाखवलीस. खरंच आहे, मीच दाखवली.

आई मला म्हणाल्या, "खरं सांगतीस ते काय बिघडतं व?" मी उसळले. "तुम्ही रंगवलं नसतं तर ही वेळच आली नसती!" त्या ताट घेऊन उठल्या. हात धुताना पाठमोऱ्या होत्या, खांदे हलत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राखीच्या दिवशी घरातल्या म्हातारीला रडवलं. शाब्बास, सुलक्षणा!

मंगळवार, २० ऑगस्ट

आईंची माफी मागितली. म्हणाल्या, "जाऊ दे, पोर. मनंबी चुकनंच." म्हणजे त्यांनीच उलट माझी मागितली. भांडणापेक्षा हे जड.

गुरुवार, २२ ऑगस्ट

चेलना मॅडमचा फोन. कंपनीनं पुन्हा पाहणी करायला सांगितलंय. भिंतीवर खूण नाही आणि दाव्यात वरचं सामान धरलंय, म्हणून. शनिवारी येतील. आवाज नेहमीसारखा, गोड. मी "हो, या ना" म्हटलं.

ललित एकदम निवांत. "पांढरी भिंत काय बोलणार आहे? आपण तिघं एक बोललो की झालं." आईंकडे बघून म्हणाले, "काय गं आई?" आई भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

म्हणजे आईंनीही खोटं बोलायचं. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या गिरणीसाठी. आणि मी गप्प बसले! नको म्हणायला तोंड उघडलं नाही. गिरणी गेली तर माझं काय उरतं? वर स्वयंपाक, खाली कुलूप. दुसऱ्यांच्या गिरणीत पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं, लताबाईंच्या मागे. नाही सोसणार मला.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

कितीतरी दिवसांनी कडक ऊन. गिरणीची दोन्ही शटरं वर केली, पंखा लावला, ओल जाऊ दे म्हटलं. हिलाल येऊन गेला, म्हणतो पोळ्याच्या आधी चालू करून देतो, फक्त हो म्हणा. मी हो म्हटलं. म्हणजे खोट्यावरच टिकायचं मी ठरवलंय तर.

शनिवार, २४ ऑगस्ट

भिंतीवर रेघ आलीय. कालच्या उन्हानं भिंती वाळल्या तशी, चुन्यातून. पिवळट, सरळ, तिन्ही भिंतींवर. शेजारी उभी राहून बघितलं. माझ्या कंबरेला लागते.

ललितनी चुना कालवायला घेतला. आई जाऊन भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आते नही."

मॅडमना मीच फोन लावला. म्हटलं, पाणी कंबरेपर्यंतच होतं, मी जास्त सांगितलं. पॅनल आधीचंच बिघडलेलं. भिंतीला हात लावलेला नाही, येऊन बघा.

त्या म्हणाल्या, "निघालेय."